ऐकू येणं आणि ऐकणं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या दिवाळीच्या सुमारास मला ओतूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची मुलगी साडेतीन वर्षांची. हाक मारली तर वळून बघत नाही, बोलणं चार-पाच शब्दांवर अडलेलं, आणि घरात मिक्सर सुरू झाला की दोन्ही कान दाबून धरते आणि आतल्या खोलीत पळते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की शहरात एक उपचार मिळतो. मुलांच्या कानाला हेडफोन लावतात, ठरावीक संगीत ऐकवतात, त्यानं मेंदूतल्या ‘वायरी जुळतात’ आणि मूल बोलायला लागतं. खर्चाचा आकडा ऐकून मी थोडा वेळ गप्पच राहिले. ते म्हणाले, ‘‘बाई, चाळीतल्या कांद्याचे पैसे आलेत हातात. तुम्ही हो म्हणा, उद्याच गाडी काढतो.’’

‘हो’ म्हणणं सोपं होतं. पूर्वी एकदा मी तसं म्हटलेलंही आहे. ती हकीकत पुढे सांगणारच आहे, कारण आजच्या बोलण्याचं कारणच ती आहे.

मी विशेष शिक्षिका. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, उशिरा बोलणाऱ्या, उशिरा चालणाऱ्या, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी जाऊन काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आपल्याकडे असं मूल दिसलं की पहिलं वर्ष कशात जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात. जिभेखालची शीर कापून आणतात. एखादा नवस होतो. आणि घरातली वडीलधारी माणसं सांगतात, ‘‘याचा चुलता पण पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता कसा बाजार समितीत भांडतो बघा.’’ चुलत्याचं उदाहरण प्रत्येक घरात असतं. त्या चुलत्यानं आमच्या भागातल्या मुलांची जितकी वर्षं खाल्ली, तितकी दुसऱ्या कुणी खाल्ली नसतील.

त्यानंतर येतात ते शहरातले उपचार. हेडफोनचा उपचार त्यातलाच. तो आला कुठून, ते आधी थोडं सांगते.

आल्फ्रेड तोमातिस नावाचे फ्रान्समधले कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. जन्म १९२० चा. त्यांचे वडील ऑपेरा गायक, त्यामुळे आवाज बिघडलेले गायक मुलाकडे उपचाराला येत. तोमातिस यांच्या मनानं घेतलं, की दोष गळ्यात नाही, कानात आहे. जे सूर कानाला नीट ऐकू येत नाहीत, ते गळ्यातून निघत नाहीत. गायकांपुरता हा विचार चमकदार होता. पुढे त्यांनी एक यंत्र तयार केलं. त्यातून मोझार्टचं संगीत, चर्चमधली जुनी स्तोत्रं आणि आईचा आवाज गाळून, कमी-जास्त करून मुलांना ऐकवायचा. पोटात असताना आईचा आवाज बाळाला जसा ऐकू येत असेल, तसा तो पुन्हा ऐकवला की वाढ जिथं अडली तिथून परत सुरू होईल, अशी त्यांची कल्पना. दुसरे फ्रेंच डॉक्टर गी बेरार. त्यांनी वेगळी पद्धत काढली. मुलाला जे सूर टोचतात ते संगीतातून गाळायचे, आणि रोज अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन बैठका, अशा दहा दिवसांत वीस बैठका करायच्या. १९९१ मध्ये ॲनाबेल स्टेली या अमेरिकन आईनं आपली मुलगी या उपचारानं बरी झाली, असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि ही पद्धत जगभर पसरली. आज तर मोबाइलवरही असे कार्यक्रम मिळतात.

त्याच काळात ‘मोझार्ट ऐकवलं की मूल हुशार होतं’ हीही हवा सुटली. मूळ प्रयोग १९९३ सालचा. तोही कॉलेजच्या मुलांवर केलेला. दहा मिनिटं संगीत ऐकून एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. लहान बाळांचा त्यात संबंधही नव्हता. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची तबकडी पाठवण्यासाठी सरकारी पैसे मागितले. म्हणजे चुलत्याची गोष्ट फक्त आपल्याच गावात चालते असं नाही.

आता माझी हकीकत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. घोडेगावच्या पलीकडच्या एका गावातला चार वर्षांचा मुलगा. आपल्याच नादात असायचा, गाडीचं चाक फिरवत तासन् तास बसायचा, हाकेला ओ नाही. मी नुकतीच एका शिबिरात या श्रवण-उपचाराबद्दल भारावून ऐकून आले होते. तिथं दाखवलेल्या फिल्ममधली मुलं डोळ्यांसमोर होती. मी आईला विचारलं, ‘‘याला ऐकू येतं ना?’’ ती म्हणाली, ‘‘येतं की ताई. ट्रॅक्टर आला की पळत सुटतो. ढोल वाजला की नाचतो.’’ मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले.

त्यांनी एक गाय विकली. भोसरीला नातेवाइकांकडे दहा दिवस राहिले. रोज मुलाला घेऊन दोन बैठका. परत आल्यावर मुलगा शांत झाला असं आईला वाटलं, मलाही वाटलं. आपण पैसे घातलेले असतात, कष्ट घातलेले असतात, फरक दिसतोच. त्या भरवशावर आम्ही दहा महिने काढले. नंतर दुसऱ्याच कारणानं, कान दुखतो म्हणून, ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळी चौकशी करून मुलाची बेरा तपासणी करायला लावली. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून ही तपासणी करतात. मुलानं काही सांगावं लागत नाही. निष्कर्ष असा, की दोन्ही कानांना उंच पट्टीचे आवाज नीट ऐकू येत नव्हते.

ढोल, ट्रॅक्टर हे खालच्या पट्टीचे, दणदणीत आवाज. ते त्याला ऐकू येत होते. पण बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं उंच पट्टीची आणि हलकी असतात. त्याच्यापर्यंत ‘साबण’ नव्हे, ‘आबण’ पोचत होतं. निम्मं बोलणं गळून गेल्यावर उरलेल्याला अर्थ राहत नाही, आणि ज्याला अर्थ नाही त्याच्याकडे कुठलंही शहाणं मूल लक्ष देणं सोडून देतं. या मुलाला हेडफोनमधून संगीत ऐकवण्याआधी श्रवणयंत्र हवं होतं. ते मिळालं तेव्हा तो पाच वर्षांचा झाला होता. यंत्र लावून सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्याच्या इतर अडचणी होत्याच, पण शब्द यायला लागले. पुढे तो शाळेत टिकला, आज एका गॅरेजमध्ये काम करतो. मूल दोन वर्षांचं असतानाचे दहा महिने आणि बारा वर्षांचं असतानाचे दहा महिने सारखे नसतात. भाषा बसण्याच्या वयातले त्याचे दहा महिने गेले ते माझ्यामुळे. त्याची आई मला अजून ‘ताई’ म्हणते, संक्रांतीला बोलावते. तिनं कधी बोल लावला नाही. त्यानं मला बरं वाटत नाही.

त्यानंतर मी या उपचाराबद्दल जे काही अभ्यासून लिहिलेलं मिळेल ते वाचायला लागले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९८ मध्येच सांगितलं होतं, की बेरार पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं तोवर झालेले सगळे नीट प्रयोग एकत्र करून तपासले. सगळे मिळून सात प्रयोग, १८२ माणसं. काही छोट्या प्रयोगांत थोडी सुधारणा दिसली, काहींत खोटा उपचार दिलेल्या मुलांइतकीच. म्हणजे कुणाला गाळलेलं संगीत ऐकवलं, कुणाला साधं, आणि दोघांचे आईवडील म्हणाले, फरक पडला. या उपचारांचा उपयोग होतो असं म्हणायला पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. ‘पुरावा नाही’ म्हणजे एकाही मुलाला कधी बरं वाटलं नाही असं नव्हे. पण गाय विकायला सांगण्याइतका पुरावा नाही, एवढं नक्की.

मग ऐकणं म्हणजे काय, असा प्रश्न उरतो. आमच्या भागात त्याचं एक मोठं उदाहरण उभं आहे. नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या तबकड्या आहेत ना, जीएमआरटी दुर्बिणीच्या? प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. ही जागा निवडण्याचं एक कारण असं, की इथं माणसानं केलेला रेडिओ-गोंगाट कमी होता. एवढं महागडं यंत्रही गोंगाटात ऐकू शकत नाही. आणि आपण तीन वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करतो? घरात टीव्ही चालू, मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ बघतंय, बाहेर पत्र्यावर पाऊस, चुलीपाशी तिघी एकदम बोलताहेत, आणि त्यातून त्यानं आपल्या आईचं ‘इकडे ये’ निवडून घ्यायचं. ज्या मुलाच्या मेंदूला आवाज वेगळे काढायला मुळातच कष्ट पडतात, ते मूल त्या गोंगाटात हाकेला वळत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे.

अंगणवाड्यांचंही तेच. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आवाज नुसता घुमतो. एका अंगणवाडीताईनं जुन्या गोधड्या एका भिंतीला टांगल्या आणि ज्या मुलीला ऐकण्यात अडचण होती तिला आपल्याजवळ, खिडकीकडे पाठ करून बसवलं. खर्च शून्य. ताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं; ‘‘माझं मलाच ऐकू येईना बाई,’’ म्हणून केलं, असं त्या म्हणाल्या.

संगीताचा काहीच उपयोग नाही, असं माझं म्हणणं नाही. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. हेडफोन लावून मुलाला एकटं बसवणं वेगळं, आणि माणसानं मुलाबरोबर गाणं, ताल धरणं, त्यानं थाळी वाजवली की आपणही तशीच वाजवणं, तो थांबला की थांबणं, हे वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या संगीतोपचाराचे निष्कर्ष जरा आशादायक आहेत. तेही सरसकट नाहीत. २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात ऑटिझमची लक्षणं संगीतोपचारानं फारशी कमी झालेली दिसली नाहीत. पण २०२२ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात, बरेच प्रयोग एकत्र पाहिल्यावर, मुलांच्या एकूण स्थितीत आणि जगण्याच्या गुणवत्तेत सुधारणा होण्याची शक्यता दिसली. माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर तिथं काम करतो तो सूर कमी, समोरचा माणूस जास्त.

असं मला का वाटतं, त्यासाठी गोव्याचं एक काम सांगते. तिथली ‘संगथ’ नावाची संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ स्वमग्न मुलांबरोबर एक प्रयोग झाला. मँचेस्टरमध्ये तयार झालेली एक पद्धत त्यांनी इकडच्या घरांना जुळवून घेतली. घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या तज्ज्ञ नव्हत्या; साध्या शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या मुली. आई मुलाशी खेळत असताना काही मिनिटांचं चित्रीकरण करायचं आणि नंतर आईबरोबर बसून ते बघायचं. इथं बघा, त्यानं तुमच्याकडे पाहिलं होतं. इथं त्यानं चमचा पुढे केला, तुम्ही तेव्हा दुसरंच काहीतरी विचारत होतात. एवढंच. अशा बारा बैठका. २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला शिकले, आणि मूल आपणहून आईशी काही सांगण्याची सुरुवात जास्त वेळा करू लागलं. प्रत्येक मोजमापात सुधारणा झाली नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पण जे झालं ते तज्ज्ञांशिवाय आणि घरातल्या जमिनीवर बसून झालं. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवर तज्ज्ञ कधी पोचेल, सांगता येत नाही. आशाताई मात्र तिथं आत्ताही जाते.

तेव्हा घरी करण्यासारखं बरंच आहे. मुलाशी बोलताना टीव्ही बंद. त्याच्या उंचीला येऊन, तोंड दिसेल असं बसून बोला. वाक्य छोटं, ‘दूध हवं?’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपण तीन सेकंदांत तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. मूल पहिल्याचंच उत्तर जुळवत असतं. मनात दहापर्यंत मोजा. आणि आजीला गाऊ द्या. ओवी, अंगाई, बडबडगीत, काहीही. रोज तेच गाणं, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं. काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी तो शब्द समोरून येतो. आलाच नाही, तर मूल निदान आजीच्या तोंडाकडे तरी बघतं, आणि तेही कमी नाही.

कान दाबून धरणाऱ्या मुलांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. त्यांना मिक्सर, कुकरची शिटी, पिठाची गिरणी, यात्रेतला भोंगा खरोखर टोचतो. ते नाटक नसतं. ‘सवय होईल’ म्हणून त्यांना बैलगाड्याच्या घाटात भोंग्याखाली उभं करणाऱ्या एका बापाशी मी भर यात्रेत भांडले आहे. अशा मुलाला आधी सांगावं, आता मिक्सर लावणार. बटण त्यालाच दाबू द्यावं; आवाज आपल्या हातात आला की त्याची भीती निम्मी होते. लग्नाच्या वरातीत कानाला आवाज कमी करणारे झाकणासारखे मफ लावायला हरकत नाही, पण दिवसभर नको. कान नेहमीच झाकले तर साधे आवाजही मोठे वाटायला लागतात. आणि कान दाबतो म्हणजे ऐकू चांगलं येतं, असं धरून चालू नका. एकाच मुलाला काही आवाज कमी ऐकू येतात आणि काही टोचतात, असंही असतं.

म्हणून पहिली पायरी एकच, कानाची पुरी तपासणी. पाठीमागे टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे चिकट द्रव साचतो आणि महिनोन् महिने कमी ऐकू येतं. तेही शोधावं लागतं, आणि त्याला उपचार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका; पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून नेमकं अशाच मुलाला घरी ठेवलेलं मी पाहिलं आहे. पथकानं चिठ्ठी दिली तर पुढची तपासणी आणि उपचार सरकारी खर्चानं होतात. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, जिथं पाठवतील तिथं जा. चाकणच्या कोंडीत दिवस जाईल, तरी जा. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो. आमच्या भागात फार थोड्यांना ती माहीत आहे.

आणि तरीही कुणी हेडफोनचा उपचार सुचवलाच, तर त्यांना तीन प्रश्न विचारा. मुलाची बेरा झाली आहे का? उपयोग झाला की नाही, हे तीन महिन्यांनी कशावरून ठरवायचं, ते आत्ताच लिहून द्याल का? आणि या काळात बोलण्याचं, खेळण्याचं रोजचं शिकवणं चालू राहील ना? पहिल्याच प्रश्नाला समोरचा माणूस चिडला, तर गाडी परत फिरवा.

ओतूरच्या गृहस्थांना मी फोनवर हेच सांगितलं. ते जरा नाराज झाले; त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. पण मुलीला तपासणीला घेऊन गेले. कान चांगले निघाले. म्हणजे अडचण ऐकू येण्याची नाही, ऐकून उलगडण्याची आहे, आणि तिची वाट लांबची आहे. परवा त्यांच्या घरी गेले होते. मुलगी ओट्यापाशी पाटावर उभी होती, एक हात कानावर आणि दुसरा मिक्सरच्या बटणावर. चटणी केव्हाच वाटून झाली होती. ती बटण दाबत होती, थांबवत होती आणि प्रत्येक वेळी वळून आईकडे बघत होती.